गॅसवाल्याची पोरगी

...नाही नाही, चहा नको, मी चहा प्यायले नाही आलो — तू बस ना बेटा, उभा कावून आहे — मले जास्त वेळ नाही, तुह्या बेबीकाकूले सांगून निघालो का दूध घेऊन येतो, पाय, पिशवी हातातच आहे. तं मी काय सांगून राहिलो होतो? हां. साधा प्रश्न आहे. तू फौजेत दवाखान्याचं काम करते, तेही तिकडे लडाखले, अन् आता सुट्टीवर आला आहे, तं म्हटलं शेषरावच्या पोराले विचारून घ्यावं, नरेश काही परका नाही. तं माह्या ओळखीचा एक माणूस आहे — उतई गावाले राहते, तू नाही ओळखत त्याले — त्याची पोरगी गेली आहे पहाडावर. मनालीच्या पुढं कुठीतरी. ट्रेकिंग म्हणतात ना, पाठीवर बोजा बांधून चालायचं, तंबूत झोपायचं, अन् त्याचे वरून आपणच पैसे द्यायचे — असो. तिथं तिचं डोकं दुखून राहिलं, उलट्या झाल्या, गरगरते म्हणते. तं तिच्या बापानं फोनवर सांगतलं का चालू नको, बिलकुल चालू नको, तंबूत पडून राहा, आराम कर. आता तू फक्त एवढं सांग, बरोबर सांगतलं ना त्यानं? — थांब थांब, लगेच नको सांगू. आधी पुरं ऐक. पुरं ऐकल्याबिगर जो बोलते त्याच्यावर माहा भरोसा नाही.

कारण त्या बापानं हवेत नाही सांगतलं, समजून सांगतलं. तुम्ही पोट्टे लहान होते तेव्हा मले गॅसवाले काका म्हणत होते, आठवते? तुमाले वाटे मी घरोघरी सिलिंडर पोचवतो. पण पुरी नोकरी गेली माही कारखान्यात, ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे लोखंडाच्या भट्टीच्या गॅस सेफ्टीत. भट्टीचा जो गॅस असते ना, त्याले वास नाही, रंग नाही, डोळ्याले झोंबत नाही, काही नाही. माणूस गोष्टी करता करता बसते अन् बसल्या जागी जाते. अन् सुरुवात कायनं होते? डोकेदुखी. मंग मळमळ. मंग पायातलं बळ जाते. तेच ना, जे त्या पोरीले होऊन राहिलं, एकदम तेच! आमच्याकडे एक भैयालाल होता, ठेकेदाराचा माणूस, वर पाइपलाइनवर काम करून राहिला होता. वरून मले म्हणते, 'साहेब, मूड पिरावत हे' — डोकं दुखते म्हणे. मी खालूनच ओरडलो, उतर! पहिले खाली उतर! आला उतरून, मोकळ्या हवेत बसला, पाणी पिला, माह्यासंग हसला बी. मी म्हटलं लेट बाबू, स्ट्रेचर येऊन राहिलं. तं नाही म्हणे, मी धडधाकट आहे, आपल्या पायानं जातो. गेला बी. रस्ता ओलांडला अन् असा पडला, तोंडावर. वाचला तो, देवाची कृपा, ऑक्सिजन लावला त्याले, पण कित्येक दिवस आपल्या पोराचं नाव नाही आठवे. तेव्हापासून मी हरेक नव्या माणसाले एकच गोष्ट सांगत आलो, गॅस लागलेल्याले चालवायचं नाही. रक्तात आधीच हवा कमी, चालला का उरलीसुरली हवा पाय खाऊन टाकतात. लेटवा, पांघरूण घाला, हलू देऊ नका. आमच्या रेणूले तं पाठच होतं ते, लहानपणी बाहुलीले लेटवून ठेवे अन् म्हणे, उठू नको वं, तुले गॅस लागला.

असा कावून पाहून राहिला? — रेणूचं नाव असंच निघालं तोंडातून. तिचा काय संबंध. रेणू रायपूरले आहे, शाळेच्या कामानं. ती उतईवाली पोरगी बी अशीच तगडी आहे ना, म्हणून आठवण झाली. पीटी शिकवते ती शाळेत. सकाळी उठली का मैदानाले चकरा, सुट्टी आली का डोंगरगड, अन् डोंगरगडच्या देवीच्या पायऱ्या अशी चढते का बस, एका दमात, आम्ही अर्ध्यात नाही पोचत तं ही वर जाऊन बसली असते, वरून हात करते मले, बाबा — त्याले. त्या बापाले हात करते.

जाऊ दे. रेणूच आहे.

तुले समजलंच असन. उतईचा माणूस बिणूस कोणी नाही, मीच आहे तो. आता तुह्यापासून काय लपवू, तुमी दोघं एकाच रिक्षानं शाळेत जात होते, शर्यतीत ती तुह्या पुढं निघाली म्हणून तू रडला होता, तुही आई, आमच्या वहिनी, सांगतात अजून. पण आपल्या कोहक्यात गोष्ट एका घरातून निघाली का दुसऱ्या घरी तिखटमीठ लावूनच पोचते, अन् बेबीच्या कानावर गेली तं — तिले बीपी आहे. मी तिले सांगतलं का रेणूचा फोन आला होता, मजेत आहे, बर्फात फोटो काढून राहिली. बेबी खूश आहे. शेजारणीले सांगून आली का माही पोरगी आता ढगाच्या वर आहे. मी दुपारभर घरात नाही बसू शकलो, नरेश. दोनदा तुह्या गेटपर्यंत आलो अन् वापस गेलो. म्हटलं विचारायचं काय आहे त्यात, आपल्याले माहीतच आहे, मंग कायले कोणाले तसदी द्यायची — अन् घरी जाऊन फोन पाहत बसलो, अन् पुन्हा इकडे. पण भेव नाही वाटून राहिलं मले. विचारून घेतलेलं बरं, एवढंच.

सकाळी आला होता तिचा फोन. त्या मुक्कामावर नेटवर्क नाही, बाजूले एक टेकाड आहे, तिथं उभं राहिलं का एखादी काडी येते म्हणे. तिथवर ती मोनाले धरून आली. मोना तिच्या शाळेतलीच मास्तरीण, मैत्रीण आहे, संगच गेल्या दोघी. मोना म्हणे, काका, रेणू सीधी नहीं चल पा रही, जैसे पी रखी हो वैसे चल रही है — या पोरींचं असंच, घरात मराठी अन् उंबरठा ओलांडला का हिंदी — मी म्हटलं बेटा, रातभर उलट्या झाल्या, पोटात अन्न नाही, झोक तं जाईनच. मंग मी बराबर विचारपूस केली, घाबरलो नाही. पहिलं विचारलं, तिचे ओठ कसे आहेत? लाल आहेत काय? कारण गॅस लागला का ओठ लाल होतात, लाली लावल्यावाणी, मेलेल्या माणसाचा चेहरा बी टवटवीत दिसते — मी पायले आहेत असे चेहरे, अजून सपनात येतात. तं मोना म्हणे, नाही काका, लाल नाही, थोडे निळे-निळे आहेत. हट! म्हटलं मंग कायचं भेव! निळे तं थंडीनं होतात. लाल नाही ना, मंग झालं. — बस ना, उठून कावून राहिला? ठेव तो फोन खाली, माहं पुरं होऊ दे. — मंग मी म्हटलं रेणूले दे फोन. तिनं घेतला अन् मले काय म्हणते, 'बाबा, आज बी-शिफ्ट आहे ना तुमची, डबा नेला काय?' मले रिटायर होऊन जमाना झाला! हसलो मी. ती पहिलेपासूनच मस्करी करते माही, झोपेत बी मी शिफ्टच्या वक्ताले उठून बसतो म्हणून चिडवत राहते. म्हटलं नेला बेटा, नेला डबा. तं म्हणे, आईनं भाजी कायची टाकली — अन् बोलता बोलता थांबली, जशी कोणाले पाहून राहिली, अन् मंग मोनाले म्हणे, हे कोणाशी बोलून राहिली मी —

मस्करीच होती ती.

मस्करीच असन ना, नरेश?

नाही, बोलू नको. बोलू नको अजून. मले माहीत आहे तू काय विचारशीन, गोळीचं विचारशीन. ती गोळी — हे पाय, माह्या खिशातच आहे पुरं पाकीट. डायमॉक्स. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून वर चढायच्या आधीपासून घेतात म्हणे, त्या ट्रेकवाल्यांनीच सांगतलं होतं, डॉक्टरले विचारून रेणूनं आणली होती, बॅगच्या वरच्या खिशात ठेवली होती. मी काढून घेतली. गुपचूप. औषधाच्या दुकानात विचारलं का ही कायची आहे, तं तो म्हणे बाकी सब ठीक, पेशाब जास्त होते याच्यानं. मी म्हटलं तिथं उघड्या पहाडावर, बर्फात, बाईमाणूस घडीघडी तंबूबाहेर कुठी जाईन? कोणी पाहीन, पाय घसरन, काहीही होईन. पोरगी एवढी तगडी, तिले गोळ्या कायले पाहिजे? अन् स्टेशनवर तिले सांगतलं बी का पाणी बेतानं पी. याच कारणानं. ती लाजली अन् हो म्हणाली. चांगल्यासाठीच केलं ना मी? अन् त्यांची गाडी उशिरा पोचली होती म्हणे, तं लीडरनं मधातला आरामाचा मुक्काम गाळला अन् सरळ वर नेलं सगळ्याले. म्हणजे गलती कोणाची झाली? लीडरची. माही नाही. माही कशी होईन?

अन् तोच लीडर मले म्हणते का हिले खाली पाठवतो! मोनाच्या हातातून फोन घेतला अन् म्हणे, 'अंकल, इनको अभी के अभी नीचे भेजना पड़ेगा, तेजराम साथ जाएगा.' मी म्हटलं हा तेजराम कोण? तं त्यांचं सामान वाहणारा, तिथलाच पहाडी माणूस. अजून कोण? अजून कोणी नाही. लीडरले बाकीचे लोक सांभाळायचे आहेत, मोनाचा गुडघा सुजला आहे, ती उतरू शकत नाही. म्हणजे माही पोरगी, अर्धी बेहोश, अन् एक परका माणूस, अन् तो सगळा सुनसान पहाड! तू सांग, तुही बहीण असती तं तू पाठवलं असतं? मी सरळ नाही म्हटलं. आवाज चढवून म्हटलं, मी गॅस सेफ्टीचा माणूस आहे, मले नको शिकवू, अशा माणसाले चालवत नसतात. तो म्हणे अंकल, ये गैस नहीं है. मी म्हटलं फोन रेणूले दे. अन् तिले सांगतलं, बेटा, कोणी कितीही म्हणो, तू तंबूतून उठायचं नाही, गॅस लागलेल्याले चालवत नाही, तुले माहीत आहे ना? ती म्हणे, हो बाबा. एकदम लहानपणीवाणी म्हणाली. हो बाबा. अन् फोन कटला. त्यानंतर लागूनच नाही राहिला तो.

खरं विचारशीन तं — नियम मले नंतर आठवला. पहिले तो तेजरामच डोळ्यासमोर आला. मी त्याले पायलं नाही, त्याचं तोंड कसं आहे माहीत नाही, घरी लेकरंबाळं असतीन त्याच्या, पण भेव मले त्याचंच वाटलं. पहाडाचं नाही वाटलं. चार पोरींच्या तंबूत पडलेली बरी, असं वाटलं, अन् मंग नियम वरून लावून देल्ला. असा बराबर बसला ना तो नियम, जसा त्याच्यासाठीच बनवला होता — हे मी कावून बोललो? हे बोलायचं नव्हतं मले. बेबीसमोर नको बोलू हे. कोणासमोरच नको बोलू.

आता तू फक्त हो म्हण, मी दूध घेऊन जातो घरी. एवढं एक हो म्हण. डेअरी बंद होईन. — म्हण ना. — काय? हळू बोल, वहिनी ऐकतीन आत. — माह्यावर नको ओरडू बेटा, मी तुह्या बापाच्या बरोबरीचा — काय?

काय म्हटलं? पुन्हा सांग.

मेंदूवर सूज. म्हणजे ते डब्याचं बोलली ते — मस्करी नव्हती. झोक जात होता तो बी उपाशीपोटीचा नव्हता. पण ती तगडी आहे, नरेश, डोंगरगड एका दमात — काही उपयोग नाही? तगडे लोकच जास्त फसतात, कारण ते थांबत नाहीत, दमादमानं चढत नाहीत. हां. हां. डोकं दुखून राहिलं तेव्हाच तिथल्या तिथं थांबायचं होतं, वर जायचंच नव्हतं. अन् झोक जायला लागला, बरळायला लागली का मंग थांबून बी भागत नाही — उतरवायचं. त्याच घडीले. रात असो का बर्फ असो. पण मी तिले मोकळ्या हवेत ठेवलं ना! एवढी मोकळी हवा, पुऱ्या पहाडाची — ती हवाच विरळ आहे? तंबूच्या आत बी विरळ, बाहेर बी विरळ? अन् झोपली तं अजून वाईट, झोपेत माणसाचा दम आणखीन कमी होते? म्हणजे मी तिले — म्हणजे नरेश, मी तिले गॅसच्या मधातच लेटवलं! गॅस चालूच आहे अन् मी बाहेर उभा राहून सांगून राहिलो का हलू नको! अरे देवा. अरे माह्या देवा. भैयालालले मी काय म्हटलं होतं? आत्ताच तुले सांगतलं मी माह्या तोंडानं. उतर म्हटलं होतं. पहिले खाली उतर. लेट तं नंतर म्हटलं, उतरल्यावर म्हटलं! नियमाचं पहिलं अर्धं खाऊन टाकलं मी अन् दुसरं अर्धं पोरीले देल्लं. अन् तू मी आल्यापासून हेच सांगाले तोंड उघडून राहिला होता, अन् मी नको बोलू, नको बोलू — मले माहीत होतं. आतून माहीत होतं तू काय सांगशीन, म्हणूनच नाही बोलू देल्लं. इतका वेळ गेला. मी बसून गोष्टी सांगून राहिलो तुले अन् ती तिथं —

नंबर? आहे. आहे. टेकाडावरचा नाही लागत, पण खालच्या कॅम्पचा आहे, तिथं ऑफिसवाला बसते, त्याच्यापाशी वायरलेस आहे वरच्या मुक्कामाचा. हा घे. तूच लाव. — नाही, दिवसभर मी त्याले नाही लावला. लावला असता तं त्यानं सांगतलं असतं का काय झालं. ते ऐकायची हिंमत नव्हती माह्यात. टेकाडाचाच लावत राहिलो, जो लागत नाही तो. — वाजून राहिला? वाजून राहिला ना? बोल, तू बोल, फौजी आहे म्हण, मेडिकलवाला आहे म्हण, तुहं ऐकतीन ते, माहं नको ऐकू म्हण —

काय म्हणते तो? जिवंत — आहे. आहे. बरं. बरं. ऑक्सिजन? आहे वर, छोटी बाटली आहे, थोडा थोडा देऊन राहिले. पुरा दे म्हण, वाचवून नको ठेवू, रस्त्यानं संगच घे म्हण. हां, ते सुजेचं इंजेक्शन बी, तू सांगते ते, डेक्सा, आहे काय लीडरपाशी? आहे! मंग देऊ दे, पण इंजेक्शन देल्लं म्हणून तिथं बसून नका राहू म्हण, बराबर आहे, ते फक्त उतरण्यापुरतं आहे, दवा एकच आहे, खाली. ज्या जागेवर ती चांगली होती त्या जागेपर्यंत खाली. अन् एकटी नका ठेवू तिले. इथं आपल्याकडे ऊन उतरलं, पण तिकडे उजेड आहे म्हणते, पाय, उजेड आहे अजून, दिसन त्याईले रस्ता. मंग निघा ना! आता कायची वाट पाहून राहिले? — काय?

हात लावला का ओरडते? येऊ नाही देत कोणाले जवळ? दुपारी बी उचलायले गेले होते. लाथा मारल्या तिनं. 'बाबांनी नाही म्हटलं' म्हणते. मोनाले ओळखून नाही राहिली, आपण कुठी आहो ते समजून नाही राहिलं, पुरं डोकं रिकामं झालं अन् एक एवढंच राहिलं आहे आत. माहंच. माहं बोलणंच तेवढं धरून बसली आहे.

दे. दे इकडे फोन. त्याले सांग वायरलेसच्या तोंडाशी धर म्हणून.

रेणू! रेणू बेटा, बाबा आहे. ऐकू येते? बाबा बोलून राहिलो. मी चुकीचं सांगतलं होतं सकाळी. बाबा चुकला. ते सोड, ते विसरून जाय, आता नवीन ऐक — गॅस चालू आहे बेटा, त्या जागेवर गॅस चालू आहे, तिथं नाही थांबायचं, उतरायचं. उठ. तेजराम आहे ना, त्याच्या पाठीवर बस. लाजायचं नाही. तो आपलाच माणूस आहे, मीच पाठवला त्याले, बाबानं पाठवला. गळ्यात हात टाक त्याच्या अन् घट्ट धर. — काय बेटा? — हो. हो, इथंच आहे मी. तंबूच्या बाहेरच उभा आहे. तू बाहेर ये, मी खाली पुढं पुढं चालून राहिलो, तू त्याच्या पाठीवर बसून माह्या मागं ये. हां. अशी. — तेजराम भैया! भैया, मेरी बच्ची है. मैंने सुबह मना किया था, मेरी गलती थी, मैं आपको — मैं आपके पैर पकड़ता हूँ भैया, नीचे ले आओ उसको.

घेतलं? पाठीवर घेतलं त्यानं? निघाले! — नरेश, निघाले म्हणते. ऑफिसवाल्याले सांग, तेजरामले वायरलेस संगच ठेव म्हणा, बटण दाबूनच ठेव, बोलायचं काही नाही, फक्त दाबून ठेव, मले चालल्याचा आवाज तं येईन. — ऐक. ऐकून राहिला? दम. कोणाचा तरी दम ऐकू येते. तेजरामचा आहे का तिचा? त्याच्या पाठीवर बोजा आहे, त्याचा तं फुलनच. पण तिचा? एकच आहे का दोन आहेत, तू ऐक ना, तुहे कान तरुण आहेत — दोन आहेत ना? — वहिनी, तो कूलर बंद करा. बंद करा जी पहिले! — गेटवर कोण आहे? बेबी? तू कावून आली इथं — कोणी सांगतलं — नाही, काही नको विचारू. दूध नाही आणलं मी. तिथंच थांब, गेटची कडी बी नको वाजवू. चूप. सगळे चूप राहा, मी बी नाही बोलत आता —